वैनींना नको वाढू

फाल्गुनात नणंदेच्या नातवाचं जावळ झालं. कागलच्या अलीकडं त्यांचं गाव. घरामागच्या परड्यात मांडव, कडेला दगडांच्या चुली, त्यांवर माणूस मावेल एवढी पातेली. बायकांची पंगत नेहमीसारखी शेवटची, त्यामुळं बसेपर्यंत ऊन कललं होतं आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. तांबड्या रश्शाची बादली पंगतीत शिरली की आमच्याकडं बोलणं आपोआप थांबतं. कडीचा खणखणाट, पळी बादलीच्या काठावर आपटल्याचा आवाज आणि मागोमाग तो वास: भाजलेलं खोबरं, लसूण, वर जमलेली तर्री. वाढायला नणंदेचा पुतण्या होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. माझ्या शेजारणीला त्यानं दोन पळ्या घातल्या आणि ती ‘बास बास’ म्हणत हात आडवा घालत असताना बोटांच्या फटीतून तिसरी घातली. मग माझ्यासमोर आला, वाकला, पळी भरून घेतली. मागून नणंदेचा आवाज आला, ‘‘वैनींना नको वाढू रे! त्यांना चालत न्हाई.’’ पोरगं वाकलेलंच एक पाऊल पुढं सरकलं आणि माझी पळी पलीकडच्या वाटीत गेली. थोड्या वेळानं माझ्यापुढं वेगळं ताट आलं. मऊ भात, बिनफोडणीचं वरण, उकडलेल्या दुधीच्या फोडी. नणंदेनं सकाळी आठवणीनं वेगळ्या चुलीवर करून ठेवलेलं.

तिचं काय चुकलं? काहीच नाही. मी स्वादुपिंडाच्या आजारानं दवाखान्यात असताना रात्र-रात्र बाकड्यावर बसून राहिलेली बाई ती. पण माझ्या पर्समध्ये पचनाच्या कॅप्सूलची डबी होती. दोन पळ्या पांढरा रस्सा, एखादा बिनचरबीचा तुकडा, अर्धी भाकरी, असा हिशेब मी घरातून निघतानाच मांडला होता आणि त्याप्रमाणं इन्सुलिनही घेतलं होतं. वरण-भात मुकाट्यानं जेवले. घरी येताना गाडीत हे म्हणाले, ‘‘गप्प का?’’ मी म्हटलं, ‘‘ऊन लागलं.’’

मला कुणी विचारलं नाही, एवढंच.

कोल्हापुरात वाढणाऱ्यानं ‘नको’ ऐकायचं नसतं. ‘जेवलासा काय?’ या प्रश्नाला ‘जेवलो’ असं उत्तर दिलं तरी ‘मग थोडं आमच्यात’ ठरलेलं. मी स्वतः या आग्रहाची पट्टीची खेळाडू. मुलाचे पुण्याचे मित्र आले की त्यांची तांबड्यानं नाकं वाहायला लागेपर्यंत मी वाटी रिकामी होऊ देत नसे. शाळेतल्या नव्या शिक्षिका डाएटवर आहे म्हणाल्या की मी भाकरी आधी ताटात टाकायची आणि मग ऐकायची. तोच आग्रह लग्नकार्यात माझ्यावर उलटला की वैतागही यायचा. ब्लाउजवर रश्शाचे डाग घेऊन घरी यायचं. जावळात तो वैताग पहिल्यांदाच वाट्याला आला नाही, आणि मी तो शोधत बसले.

आजार सुरू झाला तो आषाढात. पाऊस लागला होता, पंचगंगा पात्राबाहेर पडायच्या बेतात. रात्री झोपताना बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली कळ आली. पित्त असेल म्हणून थंड दूध प्याले. तासाभरात ती कळ सरळ पाठीत घुसली. उताणं पडवेना, कुशीवर पडवेना. गुडघे पोटाशी घेऊन, पुढं वाकून, उशी कवटाळून बसलं की तेवढ्यापुरतं सोसायचं. दोन बाळंतपणं काढलेल्या बाईला कळा काय असतात हे सांगायला नको, पण त्या कळा येतात आणि जातात; मधे श्वास घ्यायला सवड देतात. ही सवड देत नव्हती. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं. पहाटे हिरवी उलटी झाली तेव्हा यांनी रिक्षा आणली आणि आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक पाचक विकर (एन्झाइम), हजारांच्या घरात होतं. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले. ते तिथं आहेत हे तोवर त्यांनी कधी कळूच दिलं नव्हतं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे की डोळे मिटून काढीन. जठराच्या मागं आडवं, वीतभर लांबीचं, शंभर ग्रॅमही न भरणारं स्वादुपिंड मी पिवळ्या खडूनं रंगवायची. ‘स्वादुरसातली विकरं प्रथिनं, मेद आणि पिष्टमय पदार्थ पचवतात’ हे वाक्य पोरं परीक्षेत लिहायची आणि गुण घेऊन मोकळी व्हायची. या ग्रंथीला स्वतःला ती विकरं का पचवत नाहीत, असा प्रश्न वर्गात एखादाच विचारायचा. मी सांगायचे, प्रथिनं पचवणारी विकरं तिथून निद्रिस्त अवस्थेत निघतात आणि लहान आतड्यात पोचल्यावर जागी होतात. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका बहुतेकांच्यात आतड्याच्या तोंडाशी एकत्र येतात. त्या तोंडात एक मोहरीएवढा खडा अडकला तरी पुरे. विकरं आतल्या आत जागी होतात आणि ज्या घरात तयार झाली तेच घर पचवायला घेतात. आयसीयूत डॉक्टरांनी माझ्या फायलीच्या मागच्या बाजूला बॉलपेननं तीच आकृती काढली. जठर जरा तिरकं आलं होतं. तशा अवस्थेतही ते माझ्या लक्षात आलं.

दाखल करताना एका शिकाऊ डॉक्टरनं फॉर्मवरून डोकं न उचलता विचारलं, ‘‘दारू?’’ हे भडकले. ‘‘अहो, शिक्षिका आहेत त्या!’’ जणू शिक्षिका पीत नसतात. मला वेदनेतही हसू आलं आणि हसल्यामुळं कळ आणखी वाढली. पण प्रश्न बरोबर होता. या आजाराची दोन मोठी कारणं म्हणजे पित्ताचे खडे आणि दारू. माझ्या पडद्यापलीकडच्या खाटेवर दुसऱ्या कारणाचा पेशंट होता. करवीर तालुक्यातल्याच एका गावचा, मिसरूड फुटून फार वर्षं न झालेला पोरगा. पडदा सरकला की दिसायचा. गुडघे पोटाशी, पाठ वाकलेली, उशी कवटाळलेली. मी बसायची अगदी तसाच. औषधं तीच, सलाइन तेच, नाकातली नळी तीच. फक्त मला ‘मॅडम, थोडं सहन करा हं’ मिळायचं आणि त्याला ‘आता कळलं काय?’ मिळायचं. भेटायला येणारे माझ्या खाटेशी हळहळायचे, ‘सोन्यासारखी बाई, कधी कुणाचं वाईट केलं नाही.’ त्याच्याकडं आलेले त्याच्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात हिशेब मांडायचे, कुठल्या तालमीच्या पोरांबरोबर, कुठल्या धाब्यावर, कधीपासून. तोंडातून काय आत गेलं यावरून आम्हा दोघांचीही परीक्षा चालली होती. मी पास झाले होते आणि तो नापास. मला ती सहानुभूती बरी वाटायची, हे इथं लिहिताना अवघड जातं, पण वाटायची.

बाहेर पाणी चढत होतं. वॉर्डातल्या प्रत्येक फोनवर एकच प्रश्न: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, हे कोल्हापूरच्या पोराटोराला पाढ्यासारखं पाठ असतं. शिरोळ तालुक्यातली माझी माहेरची माणसं रस्ते बंद झाल्यामुळं अडकली, भाऊ रोज सकाळी फोनवर फूट आणि इंच सांगायचा. इकडं माझ्या डाव्या कुशीतून एक नळी काढून पिशवीला जोडली होती. दुसऱ्या आठवड्यानंतर ताप चढायला लागला, तेव्हा सीटी स्कॅनमध्ये दिसलं होतं की ग्रंथीचा शेपटीकडचा बराच भाग मेला आहे आणि भोवती साचलेल्या द्रवात पू झालाय. मग हे भावाला मिलिलिटर सांगायचे आणि भाऊ यांना फूट सांगायचा. पाणी उतरायला लागलं तरी माझी पिशवी भरायची थांबेना.

मी सर्जनना विचारलं होतं, मेलंय तर काढून का टाकत नाही? ते म्हणाले, इतक्यात हात घातला तर जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं हेच समजत नाही, रक्तस्राव आवरत नाही. दोन्हीमधे नीट भिंत धरायला साधारण चार आठवडे द्यावे लागतात. तोवर नळीवर, अँटिबायोटिकवर आणि धीरावर निभवायचं. म्हणजे ऑपरेशनसाठी बरं व्हायचं आणि मग बरं होण्यासाठी ऑपरेशन करायचं. गणपतीत झालं ते. बरगड्यांखाली आडवा छेद. मेलेला भाग काढला, पित्ताशयही त्याच वेळी काढून टाकलं. शुद्धीवर येताना लांबून ढोल ऐकू येत होते, खिडकीची काच थरथरत होती, आणि घसा इतका कोरडा की जीभ टाळ्याला चिकटलेली. ‘पाणी’ म्हटलं तर सिस्टरनी ओला कापूस ओठांवरून फिरवला. त्या कापसाला स्पिरिटचा अगदी पुसट वास होता. मी तो चोखला.

तोवर कित्येक आठवडे माझं जेवण नाकातल्या नळीनं थेट आतड्यात उतरत होतं. पांढुरकं, दुधाळ, ना खारट ना गोड. चवीशी त्याचा संबंधच नव्हता, कारण ते जिभेवरून जातच नव्हतं. पोट भरलेलं आणि तोंड उपाशी, असा तो काळ. आणि त्या उपाशी तोंडाला आठवायचं काय, तर चटणी. उन्हाळ्यात आम्ही वर्षाची कांदा-लसूण चटणी करतो. मिरच्या गच्चीवर कडक वाळवायच्या, देठं खुडायची, खोबरं-तीळ-धणे वेगवेगळे भाजायचे आणि सगळं पोत्यात भरून मिरची कुटायच्या डंकावर न्यायचं. डंकाच्या पत्र्याच्या खोलीत शिरलं की आधी शिंक, मग डोळ्यांत पाणी, मग खोकला, आणि तरी बाहेर जावंसं वाटत नाही. आयसीयूच्या एसीत, फिनेलच्या वासात, मला तो खोकला हवा होता. नवरात्राच्या सुमाराला घरी आले. पहिल्या दिवशी सासूबाईंनी भाताची पेज दिली, वर मिठाचे दोन खडे. चौथ्या चमच्याला पोट भरलं. सासूबाई वाटी घेऊन तशाच बसून राहिल्या. ‘‘अजून एक घे की,’’ म्हणाल्या नाहीत. ही सुरुवात होती बहुतेक. मला तेव्हा ते कळलं नाही.

बरं होणं कसं असतं ते सांगायला मला रंकाळा तलावाकाठचा नंदी बरा वाटतो. तो रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, असं आमच्याकडं लहानपणापासून सांगतात. रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी प्रलय. पोटाला पट्टा बांधून, यांच्या हाताला धरून मी संध्याकाळी रंकाळ्यावर जायचे तेव्हा एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत माझी मजल. आज पुढचं बाक गाठलं की उद्या ताप. उद्या भूक लागली की परवा साखर तीनशेवर. ग्रंथीचा मेलेला भाग काढला तसं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं बळही गेलं. लँगरहान्स नावाच्या बर्लिनमधल्या विद्यार्थ्यानं १८६९ मध्ये या पेशींची बेटं पहिल्यांदा पाहिली, ती कशासाठी आहेत हे त्याला माहीत नव्हतं. पुढं १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्टनी इन्सुलिन वेगळं केलं. ही गोष्ट मी वर्गात फार रंगवून सांगायची. आता रोज पोटाच्या त्वचेची चिमूट धरून सुई टोचताना ती रंगत नाही, पण त्या दोघांबद्दल आपुलकी जास्त वाटते.

आणखी एक गोष्ट कुणी धड सांगत नाही, म्हणून सांगते. मेद पचेनासा झाला की शौचाला तेलकट, फिकट, घाण वासाचं होतं, भांड्याला चिकटतं, पाण्यावर तरंगतं, दोनदा-तीनदा पाणी ओतलं तरी जात नाही. मी कित्येक दिवस कुणाला बोलले नाही, बादल्या ओतत राहिले. वजन उतरतच होतं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. शेवटी तपासणीच्या वेळी डॉक्टरांनीच नेमकं विचारलं आणि विकरांच्या कॅप्सूल सुरू केल्या. प्रत्येक जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर एक, जेवण मोठं असेल तर मधे आणखी एक. आठवड्यात फरक पडला. आहारतज्ज्ञ बाई तर म्हणाल्या, तेल-तूप अगदी तोडू नका, अंगाला ते लागतं. थोडं थोडं खा, पाच-सहा वेळा खा, कॅप्सूलशिवाय खाऊ नका.

ती कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. हे मला माहीत होतं, सासूबाईंना नव्हतं. त्या माळकरी. आमच्या मटणखाऊ घरात त्यांची चूल, तवा, भांडी निराळी आणि त्यावरून चाळीस वर्षांत कधी वाजलं नाही. मेडिकलमध्ये काम करणाऱ्या भाच्यानं एकदा गप्पांच्या ओघात सांगून टाकलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डबी देवघराशेजारच्या फळीवरून उचलून डायनिंग टेबलावर, यांच्या चष्म्याच्या घराशेजारी गेली होती. आणि त्या दिवसापासून आजतागायत, मी घास उचलला की आतून आवाज येतो, ‘‘त्येवडं तुझं औषद घेटलीस काय गं?’’ घरात मला विचारून, माझ्या तोंडाकडं बघून वागणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते म्हणजे सासूबाई.

कारण बाकी सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. घरात रविवारचं मटण बंद झालं. हे आणि मुलगा रस्सा मंडळाला जायचे आणि बडीशेप चघळत, अपराधी चेहऱ्यानं परत यायचे; शर्टाला चुलीच्या धुराचा आणि मसाल्याचा वास. स्टाफरूममध्ये मी शिरले की वड्याच्या पुडीवर कागद ओढला जायचा. दुकानदारही यांना विचारायचा, ‘‘मॅडमना पेढा चालतो काय?’’ मी शेजारी उभी. महिनाभर सोसलं आणि एका रविवारी सांगितलं, मटण आणा, मी करते. मसाला वाटला, खोबऱ्याचं दूध काढलं, चरबी वेगळी काढली. मिठाचा अंदाज घ्यायची वेळ आली तर सासूबाई चाखणार नाहीत, यांना मीठ कमी-जास्त कळत नाही, मुलगा म्हणाला, ‘‘आई, तू नको.’’ मी कॅप्सूल गिळली, पळीनं अर्धी वाटी पांढरा ओतून घेतला आणि ओट्याशी उभ्यानंच प्याले. मीठ कमी होतं. तिघंही माझ्याकडं बघत होते, काही व्हायचं राहिलंय अशा नजरेनं. काही झालं नाही. दुपारी झोप लागली.

दवाखान्यातल्या पडद्यापलीकडच्या त्या पोराच्या आईचा नंबर यांच्याकडं होता; आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर असे नंबर साठतात. परवा तिचा फोन आला. गावची यात्रा तोंडावर, पै-पाहुणे येणार, पोरगं मटण मागतंय. ‘‘मॅडम, देऊ काय? तुमी सांगशीला तसं करतो.’’

मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणतात? ‘‘थोडं चालंल म्हणत्यात. पर मला भ्या वाटतंय.’’ मी पुढचं बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘आई, फोन हिकडं दे की. पोट माझं हाय.’’

त्याला ऐन मुद्द्याचं विचारायचं होतं. कॅप्सूल जेवायच्या आधीच घेऊन तो मोकळा व्हायचा आणि तरी पोट बिघडायचं. मी म्हटलं, पहिल्या घासाबरोबर घे, आणि पंगतीला बसलास तर वाढपी समोर आल्याशिवाय गिळू नकोस, पंगतीला वेळ लागतो. तर्री वरची काढून टाक. पांढऱ्यात खोबरं असतं, दोन पळ्यांवर थांब. सुकं चाखण्यापुरतं. सगळं लिहून घेत असावा. मधेच ‘हां, फुडं’ म्हणायचा. शेवटी मी विचारलं, ‘‘आणि दारू?’’

‘‘न्हाई मॅडम. दवाखान्यातनं आल्यापास्नं न्हाई. पर यात्रेला पोरं लई मागं लागत्यात. एक घोट घे, कायबी हुत न्हाई, म्हणत्यात. उठून गेलो की राग मानत्यात.’’

‘‘मग तू वाढायला उभा राहा,’’ मी म्हटलं. ‘‘बादली हातात घे. वाढप्याला कुणी बसवून आग्रह करत नाही. सगळ्यांचं झालं की शेवटच्या पंगतीत आईशेजारी बसून जेव.’’

‘‘ह्ये बेस हाय,’’ तो म्हणाला आणि फोन परत आईकडं दिला. तिनं एवढंच विचारलं, ‘‘मग खाटकाला अर्दा किलो वाडवून सांगू काय वो?’’